झाकलेलं कोंबडं

बँकेतल्या मुलीनं अर्ज परत सरकवला.
व्यवसायाचा रकाना कोरा आहे, म्हणाली.
कोरा नव्हता. मी लिहिलं होतं, व्हर्च्युअल असिस्टंट,
तिच्या यंत्रानं ते घेतलं नाही.
त्याच्या यादीत शिक्षिका आहे, नर्स आहे, खलाशी आहे,
सौदीला गेलेली मोलकरीण आहे.
इतरही आहे. पण इतरांनासुद्धा
मालकाच्या सहीचं पत्र लागतं,
आणि माझा मालक अर्ध्या पृथ्वीपलीकडे रात्रीचं जेवून उठलेला.
मला जनरेटर हवा होता, एवढंच.

आई गल्लीत सांगते, कॉल सेंटर. तिला उच्चारायला सोपं.
समोरची मानांग पुरिंग सांगते, रात्रभर दिवा,
दार लावलेलं, आणि गोऱ्यांशी बोलणं…
तिथं थांबते. पुढचं ऐकणारे पुरं करतात.
मुलानं शाळेत 'माझी आई' काढली:
खुर्चीची पाठ, वर केस.
बाईंनी विचारलं, चेहरा कुठाय?

डॉक्टर व्हॉस नेब्रास्कात दात बघतात.
कुणाचा, कधी, कितीत, विम्याच्या कुठल्या कलमाखाली, ते मी.
त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाची फुलं मी.
एक जुना पेशंट गेला तेव्हा सांत्वनाचं पत्र मी;
उत्तर आलं, डॉक्टर, तुमचे शब्द उशाशी ठेवलेत.
मी ते 'आभार' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं.
फ्लोरदेलिझा त्यांच्या जिभेला वळत नाही,
म्हणून तिथं मी लिझ. दारातल्या काउंटरवर बसते
असं पेशंट समजतात. कुणी समजूत मोडत नाही.
मीही नाही.

पहाटे चारला, म्हणजे तिथल्या दुपारी तीनला,
इर्मा कुचेरा बाईंचा फोन आला.
माणूस द्या, म्हणाल्या.
मी माणूसच आहे.
हल्ली सगळी यंत्रं हेच म्हणतात. खोकून दाखव.
खोकले.
तेही येतं त्यांना.

हेडसेटमागे एक सॉफ्टवेअर असतं. ते माझ्यातून
पंखा काढतं, ट्रायसिकल काढतं, मुलाचा खोकला काढतं,
शेजारच्या रामिलचा कोंबडा तर
चोच उघडतानाच गिळतं.
उरते ती धुऊन, पिळून, वाळत घातलेली लिझ.
मी बटण दाबलं. टोपलं उचललं.

कोंबडा आरवला.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
लेगहॉर्न?
नाही, झुंजीचा.
पाय बांधलेला असेल.
हो.
तरीच, म्हणाल्या. मग सांगितलं,
खालचा, डावीकडचा, मागून दुसरा,
आणि रात्रीच ठणकतो, रात्री सांगायचं कुणाला.
मी मंगळवार दिला. टोपलं पुन्हा ठेवलं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
खरं असेल. पण माझं उजाडतं तेव्हा
माझं दुकान बंद होतं,
आणि ज्यांच्यासाठी झाकलं
त्यांच्या खिडकीत ऊन कलायला लागलेलं असतं.
म्हणीत हे कुणी धरलेलं नाही.

बँकेतली मुलगी म्हणाली, थोडक्यात सांगा ना.
घरातून काम, म्हटलं.
तिनं टाइप केलं: घरकाम.
मधलं 'आतून' गळून गेलं.
यंत्रानं ते लगेच घेतलं.

शिक्का मारता मारता ती पुढे वाकली,
आवाज खाली घेतला:
माझ्या बहिणीला शिकवाल का? कॉलेज झालंय तिचं,
घरी नुसती बसून असते.
बसूनच करायचं असतं, म्हटलं.
ती हसली. मग हसायचं होतं की नाही,
अशी माझ्याकडे बघत राहिली.

सही पूर्ण नावानं केली.
चौकटीत मावली नाही, 'झा' बाहेर पडला.
तिनं काही म्हटलं नाही.